चौदा नंबरचा ऐन

सुरेशच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीतल्या माझ्या रंगाच्या दुकानात होतो. "भाऊजी, हे गेले ओ..." एवढंच त्या बोलल्या. समोरचं गिऱ्हाईक "पावणं, डब्याला झाकण लावा की" म्हणत होतं आणि मी नुसता उभा. त्याला आता दीड महिना झाला.

सुरेश वनस्पतिशास्त्राचा मास्तर, माझा शाळेपासूनचा दोस्त. पाऊस ओढ देतो, उन्हाळे वाढतात, तेव्हा जंगलातल्या झाडांचं काय होतं, हे त्याला शोधायचं होतं. गारगोटीच्या पुढच्या रानात त्याने काही झाडं निवडली, त्यांना नंबर दिले, छातीच्या उंचीवर माझ्याकडच्या पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला. दर महिन्याला तिथेच टेप लावून तो खोडाचा घेर मोजायचा. तो आकडा ओरडणार, मी वहीत लिहिणार. खरं तर ते एकट्याचंच काम. पण माझी बायको गेल्यापासून त्याने मला मोजणीच्या एकाही रविवारी घरी बसू दिलं नाही.

एका कोरड्या उन्हाळ्यात चौदा नंबरच्या ऐनाचा आकडा लिहिताना सहज मागचं पान उलटलं. घेर तीन मिलिमीटरने कमी! झाड कुठं बारीक होतं का? उन्हाने बिचाऱ्याची नजर चुकली असेल, म्हणून मी गुपचूप मागचाच आकडा लिहिला. घरी वही चाळताना सुरेश हरखला. "बघ लेका, समदी झाडं आकसली, ह्यो गडी पाण्याबिगर बी हटला न्हाय!"

"झाड आकसतं व्हय?" मी विचारलं.

"तर! तेच तर मोजतोय न्हवं आपण?"

मी वही मिटून ठेवली. पुढे येईल त्याला तो तोच ऐन दाखवायचा, दमला की त्यालाच टेकून बसायचा. दर खेपेला एसटीत बसताना मी ठरवायचो, आज सांगायचं... आणि गारगोटी यायची.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी वही माझ्याकडे दिली. त्याची एक विद्यार्थिनी हे काम पुढे नेणार आहे. गेल्या रविवारी मी एकटाच गेलो. शेजारच्या सीटवर कुणी बसू नये म्हणून पिशवी ठेवली. एकटं वाटतं, हे लिहायला या वयात लाज वाटते, पण वाटतं. रानात मीच टेप लावला, मीच आकडा ओरडलो, मीच लिहिला. मग ऐनाला टेकून ते जुनं पान काढलं. खोटा आकडा खोडून खरा, तीन मिलिमीटरने कमी, लिहिला. त्याच्या कडेला सुरेशने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'शाब्बास!'

तेवढं मात्र माझ्याने खोडवलं नाही.