नकाशातून गाळलेलं फाटक

बरकतपुऱ्यातल्या मुकुंदराव बिरादारांनी आयुष्यभर नकाशे काढले. वडील उदगीरकडची कोरडवाहू जमीन भावांवर सोपवून हैदराबादेत आले होते. मुकुंदरावांनी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि अबिड्सच्या एका आर्किटेक्टकडे बावीस वर्षं नोकरी केली. पुढे त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. घरांचे नकाशे मिळेनासे झाले तेव्हा ते लायसन्सच्या नकाशांकडे वळले. पेट्रोल पंप, दवाखाने, हॉटेलं आणि सगळ्यात जास्त वाइन शॉप. दारू-बिअरचं दुकान काढायचं तर सरकारला नकाशा लागतो. शाळा, देऊळ, मशीद, दवाखाना यांच्यापासून दुकान शंभर मीटर लांब आहे, हे त्यात दाखवावं लागतं. ते अंतर हवेतून सरळ मोजत नाहीत. पायी जाणारा माणूस ज्या जवळच्या वाटेनं जाईल त्या वाटेनं, दुकानाच्या दारापासून शाळेच्या जवळच्या फाटकापर्यंत मोजतात. हा नियम मुकुंदरावांना तोंडपाठ होता.

ते स्वतः दारूला शिवत नसत. पण त्यांच्या नकाशाला आबकारी खात्यात मान होता. अठ्ठ्याण्णव मीटर भरलं तर ते अठ्ठ्याण्णवच लिहीत, मग गिऱ्हाईक हात जोडो की शिव्या देवो. "राव साब का नक्शा है ना, फिर नापने की जरूरत नहीं," असं तिथला एक जुना इन्स्पेक्टर म्हणायचा. हे वाक्य मुकुंदराव घरी येऊन बायकोला, सुशीलाबाईंना, दोन-चारदा तरी सांगत.

दोन हजार एकवीसच्या नोव्हेंबरात विक्रम त्यांच्याकडे आला. विक्रमचे वडील मुकुंदरावांचे जिवाभावाचे मित्र. बेगम बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. मुकुंदरावांची नोकरी सुटली तेव्हा त्यांनीच आपल्या दुकानाचा माळा सहा महिने विनाभाडं नकाशांच्या कामाला दिला होता. ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. भांड्यांचा धंदाही बसला होता. विक्रमनं चार नातेवाइकांना गोळा करून वाइन शॉपच्या सोडतीत अर्ज टाकले. एकेका अर्जाची फी दोन लाख, आणि चिठ्ठी निघाली नाही तरी ती परत मिळत नाही. पण त्याची चिठ्ठी निघाली.

"काका, नशीब खुललं बघा," तो म्हणाला. "पण चिठ्ठी निघाली त्याच वॉर्डात दुकान पाहिजे म्हणतात. जागा भेटेना. एक भेटलीय, मालक तयार हाय. तुम्ही फक्त नक्शा काढून द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदराव टेप घेऊन जागेवर गेले. काचीगुड्याकडच्या एका गल्लीच्या तोंडाला तो गाळा होता. गल्लीत आत एका जुन्या मराठी कन्याशाळेची मागची भिंत लागत होती. शाळेचं मोठं गेट पलीकडच्या रस्त्यावर, एकशे चौसष्ट मीटरवर. पण मागच्या भिंतीतही एक लोखंडी फाटक होतं. मागच्या वस्तीतल्या मुली तिथून ये-जा करायच्या. मुकुंदरावांनी टेप लावला. ब्याऐंशी मीटर भरले.

फाटकाला कुलूप होतं. शाळा नुकती पुन्हा सुरू झाली होती, आणि मुलींचा ताप मोजून त्यांना आत घ्यायचं म्हणून फक्त पुढचं गेट उघडत होते. मागे फाटकाच्या पायाशी गुडघाभर गवत वाढलं होतं.

"बंदच हाय ना काका ते," विक्रम म्हणाला. "दीड वर्षापासून कुणी उघडलं नाही. ते कायकू दाखवायचं?"

"कुलूप आज आहे, उद्या निघेल."

विक्रम म्हणाला, "आठ दिवसांत जागा दाखवली नाही तर सगळं जाईल. अर्जाचे, लायसन्सच्या पहिल्या हप्त्याचे, सगळे पैसे. आईचे दागिने हायत त्यात. बाबा असते तर त्यांनी तुम्हाला शब्द टाकला असता. मी तर तेवढा मोठा नाही."

मुकुंदराव टेप गुंडाळून घरी आले. नकाशा काढताना शाळेच्या मागच्या भिंतीपाशी त्यांचा हात जरा थांबला. मग त्यांनी पट्टी ठेवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रेघ ओढली. जवळचं फाटक, अंतर एकशे चौसष्ट मीटर. खाली सही केली, तारीख टाकली. फाटक वापरात नाही, असं त्यांनी मनाला समजावलं, आणि त्या दिवशी तरी मनानं ते ऐकलं.

इन्स्पेक्टर जागा बघायला आला. नकाशाखालची सही पाहून त्यानं गल्लीत शिरायचीही तसदी घेतली नाही. डिसेंबरात दुकान सुरू झालं. विक्रम पेढे घेऊन आला आणि वाकून पाया पडला.

फेब्रुवारीत शाळेचे सगळे वर्ग भरू लागले आणि मागच्या फाटकाचं कुलूप निघालं.

बिरादारांच्या घरी सत्यवती नावाची बाई भाकरी करायला यायची. नवरा वारलेला, एकच मुलगी, त्रिवेणी. ती त्याच शाळेत नववीत होती. त्या मागच्या वस्तीतच दोघी राहत होत्या. मुकुंदरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पोरगी हुशार आहे, गणितात पहिली येते, हे सत्यवती पीठ मळता मळता सुशीलाबाईंना सांगायची आणि ते पुढच्या खोलीत टेबलाशी बसून ऐकायचे. पण त्या दिवशी टेप धरताना त्रिवेणी त्यांच्या मनातही आली नव्हती. हेच त्यांना पुढे सगळ्यात जास्त डाचलं.

मार्चमध्ये एके सकाळी सत्यवती म्हणाली, "बाई, पोरीला दुसऱ्या रस्त्यानं पाठवायलेय आता. लई लांब पडतंय. पण गल्लीच्या तोंडाशी सकाळी धापासून बाप्ये बाटल्या घेऊन गाड्यांवर बसतेत. कुणी गाणं म्हणतंय, कुणी नाव इचारतंय. काल एकानं तिची सायकलच धरली."

"पोलिसात सांग ना," सुशीलाबाई म्हणाल्या.

"सांगून काय? दुकानाला लायसन हाय म्हणतेत."

पुढच्या खोलीत मुकुंदरावांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. बाहेर मात्र ते आले नाहीत.

त्यानंतर पंधरा दिवसांनी शाळेच्या मुख्याध्यापिका मेधाबाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत दोघांची ओळख झालेली. त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. आबकारी कार्यालयातून मिळवलेली नकाशाची प्रत होती ती.

"आम्ही तक्रार केली, तर त्यांनी हे दाखवलं," त्या म्हणाल्या. "मुकुंदराव, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मागचं फाटक यात नाही."

"ते बंद होतं, बाई. मी मोजलं तेव्हा बंद होतं."

"कुलूप होतं," मेधाबाई म्हणाल्या. "भिंत नव्हती."

सुशीलाबाई चहा घेऊन आल्या आणि दोघांचे चेहरे पाहून तशाच आत गेल्या. मेधाबाईंनी आवाज चढवला नाही. त्यांचं मागणं एवढंच होतं, की नकाशात चूक झाली असं मुकुंदरावांनी लिहून द्यावं, पुढचं शाळा बघून घेईल. मुकुंदराव "बघतो" म्हणाले. त्या गेल्यावर त्यांनी खरंच कोरा कागद समोर घेतला. पण चूक झाली असं लिहिणं म्हणजे पुन्हा खोटंच लिहिणं. चूक झालीच नव्हती. त्यांनी टेप लावला होता, आकडा वाचला होता. खरं लिहावं तर सहीची अब्रू जाणार, वर विक्रमचं दुकान बंद पडणार आणि त्याच्या आईचे दागिने बुडणार. कागद कोराच राहिला.

लायसन्स दोनच वर्षांचं असतं, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला. तेवीसच्या नोव्हेंबरात मुदत संपेल, पुन्हा सोडत होईल, पुन्हा जागा दाखवावी लागेल. तेव्हा आपण खरा नकाशा काढू, म्हणजे विक्रमचंही नुकसान नको आणि शाळेचंही काम होईल. या बेतानं त्यांना बराच धीर आला. मेधाबाईंचे दोन फोन आले, तेव्हा "जरा थांबा, रस्ता निघतोय" असं त्यांनी सांगितलं. तिसरा फोन आला नाही.

दरम्यान त्रिवेणीची नववी कशीबशी झाली. दहावीला ती जून-जुलै शाळेत गेली. ऑगस्टमध्ये एका दुपारी दुकानापाशी बसणाऱ्या दोघांनी तिचा वस्तीपर्यंत पाठलाग केला, आणि सत्यवतीनं तिला आठ दिवसांत उदगीरला मावशीकडे पोचवलं. "तिकडं शाळेत घालते म्हणाली बहीण," सत्यवतीनं सांगितलं. पण मावशीच्या घरी दोन लहान पोरं होती, आणि त्रिवेणी ती पोरं सांभाळत राहिली. शाळेचं नाव पुढे निघालं नाही. दिवाळीनंतर सत्यवतीनंही ते काढणं सोडलं. एकदा सुशीलाबाईंनी विचारलं, तेव्हा ती तवा पुसत म्हणाली, "नशीब असतंय बाई एकेकाचं."

शाळा त्या एका दुकानामुळे ओस पडली, असं म्हणता येणार नाही. हैदराबादेत मराठी शाळेत मुली घालणारे आईबाप मुळातच कमी होत चालले होते. पण जे घालत होते ते गरीब होते, मागच्या वस्तीतले होते, आणि त्यांच्या मुलींची वाट तीच होती. तेवीसच्या उन्हाळ्यात दारुडे फाटकावरून आवारात बाटल्या टाकू लागले, तेव्हा शाळेच्या समितीनं सभा घेतली आणि मुलींच्या सुरक्षिततेसाठी फाटक काढून तिथे वीटकाम करून घेतलं.

हे मुकुंदरावांना कुणी कळवलं नाही. कळवायला ते कोण लागत होते?

त्या वर्षीच्या सोडतीत विक्रमची चिठ्ठी निघाली नाही. ज्याची निघाली त्या नवख्या माणसाला जमलेलं गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून त्यानं तोच गाळा घेतला. मुकुंदरावांकडे मात्र तो आला नाही, त्याचा नकाशावाला दुसरा होता. तरी मुकुंदरावांनी आपला बेत सोडला नाही. त्यांनी घरी बसून जुन्या मोजमापावरून खरा नकाशा काढला, फाटक दाखवलं, ब्याऐंशी मीटर लिहिले. सोबत अर्ज जोडला: दोन वर्षांपूर्वी मी जाणूनबुजून हे फाटक गाळलं होतं, माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी. खाली सही केली. इस्त्रीचा शर्ट घालून ते आबकारी कार्यालयात गेले.

जुना इन्स्पेक्टर निवृत्त झाला होता. त्याच्या जागी एक तरुण अधिकारी बसला होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला, नकाशा पाहिला, मग टेबलावरच्या फाइलीतले नवे फोटो काढून त्यांच्यापुढे सरकवले. भिंतीच्या मधोमध नव्या विटांचा चौकोन दिसत होता. अजून गिलावाही झाला नव्हता.

"अब उधर गेट हैच नहीं सर," तो म्हणाला. "पिछले हफ्ते हम खुद नाप के आए. एक सौ चौसठ."

मुकुंदरावांनी विटांच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"पर जब मैंने नापा था..."

"वो लायसन्स तो खतम हो गया ना सर. आदमी भी दूसरा है." अधिकाऱ्यानं अर्ज अदबीनं परत केला. "आप बुजुर्ग हैं, घर जाइए. इसमें अब कुछ नहीं होता."

त्यांनी अर्ज घ्यायचा आग्रह धरला असता तर कदाचित घेतलाही असता. पण मुकुंदराव उठले. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण शिक्षा मागायला आलो होतो आणि ती न मिळाल्यावर क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्यांना फार लाज वाटली.

तिथून ते थेट शाळेत गेले. मेधाबाईंनी अर्ज वाचला. "दीड वर्षापूर्वी हे हवं होतं," एवढंच म्हणून त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. वर्गांतून आवाज फारसा येत नव्हता. पुढच्या जूनपासून आठवी ते दहावीचे वर्ग बंद होणार, हे त्यांनी पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं.

मुकुंदरावांनी नकाशांची कामं थांबवली. डोळे साथ देत नाहीत, असं ते लोकांना सांगत. विक्रम बेगम बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात परत बसला होता. सणावारी यायचा, पाया पडायचा. त्याला ते कधी काही बोलले नाहीत. त्याचं मागणं चुकीचं होतं, पण टेप त्याच्या हातात नव्हता.

गेल्या वर्षी त्रिवेणीचं लग्न ठरलं. सत्यवती पत्रिका घेऊन आली. सुशीलाबाई मलकपेठेला बहिणीकडे गेल्या होत्या. मुकुंदरावांनी तिला बसायला सांगितलं. ती उंबऱ्याशीच टेकली. त्यांनी सगळं सांगितलं, विक्रम आला तिथपासून आबकारी कार्यालयाच्या जिन्यापर्यंत. मधे थांबले नाहीत.

सत्यवती पत्रिकेची कड बोटानं सरळ करत ऐकत होती.

"ब्याऐंशी म्हणजे किती हो अण्णा?" तिनं विचारलं. "शंभराला किती कमी?"

"अठरा मीटर."

"अठरा म्हणजे केवढं?"

मुकुंदरावांनी दारातून बाहेर बोट दाखवलं. "ते लिंबाचं झाड दिसतंय ना, तिथपर्यंत."

तिनं तिकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही काढला नसता तर दुसऱ्यानं काढला असता, अण्णा. त्याला काय करता." आवाजात राग नव्हता. ती उठली, पत्रिका टेबलावर ठेवली, आत जाऊन रोजच्यासारख्या सहा भाकरी केल्या, तवा घासून उपडा घातला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ओळखीची दुसरी बाई पाठवली. सुशीलाबाईंना वाटलं, लग्नाची धावपळ असेल. लग्न झालं, महिना उलटला, तरी नवीच बाई येत राहिली.

"सत्यवतीचं काय झालं कळत नाही," एके दिवशी ताट वाढताना सुशीलाबाई म्हणाल्या. "बारा वर्षं येत होती. काही बोलायचं असतं तर बोलली असती. तुम्हाला काही म्हणाली का?"

मुकुंदरावांनी ताट जरा पुढे सरकवलं. "तू आधी बस," ते म्हणाले. "तुला एक सांगायचंय."