बोटाचा फोटो

माझ्या मामेभावाकडे आकाशं होती. मंचरला हायवेच्या कडेला त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि तिथल्या काचेच्या कपाटात, सीड्यांच्या चळतीत तो ती ठेवायचा: सूर्यास्ताची आकाशं, किरणं फुटलेली आकाशं, कबुतरं उडणारी आकाशं. घोड नदीवर तसलं आकाश मी आजवर पाहिलेलं नाही. पण तालुक्यात कोणाचा वाढदिवस असला की त्याच्यामागे ते उगवायचं, आणि कोणी वारलं की त्याच्याही मागे तेच उगवायचं. अभिनंदन करायचं की हळहळायचं, हे खालचा मजकूर वाचल्याशिवाय कळत नसे.

माझा धंदा त्याच्या आधीचा. नव्वदच्या दशकात मी बसस्टँडमागच्या एका खोलीत डीटीपी करायचो. लग्नपत्रिका, कांद्याच्या आडतीची पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. ओळ सरळ असावी आणि मजकुरात चूक नसावी, एवढीच माझी कलेची कल्पना. फ्लेक्स आले आणि ती एका हंगामात मोडीत निघाली.

मामेभाऊ पुण्याहून कसलासा कोर्स करून आला आणि दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावापुढे त्यानं ‘ग्राफिक डिझायनर’ लिहिलं. ते नावापेक्षा मोठ्या अक्षरात होतं. त्याला टिपांचं वेड होतं. संगणकाच्या मासिकांतली फोटो सुंदर करण्याच्या युक्त्यांची पानं कापून तो भिंतीला चिकटवायचा. पुण्याच्या फुटपाथवरून फॉन्टच्या, फुलांच्या, चौकटींच्या सीड्या आणायचा. आणलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येक फ्लेक्सवर वापरायचा. अक्षराला सावली, सावलीला चकाकी, चकाकीला सोनेरी कड. हे सगळं झाल्यावर अक्षर तेवढं वाचता यायचं नाही.

मी एकदा म्हटलं, “अरे, हायवेवरचा ट्रकवाला तुझा फ्लेक्स वाचायला ब्रेक मारणार नाही. चार-पाच शब्द ठेव, बाकी जागा मोकळी सोड.”

“दादा, तुमचं डोकं त्या अहवालातच ऱ्हायलं बघा. मोकळी जागा दिसली की गिऱ्हाईक म्हनतं, हितं आमचा भाचा बसंल की.”

भाचे खरोखरच बसत होते, ओळीनं, गॉगल लावून.

मी या धंद्यात होतो हे कळल्यावर आजही एखादा उत्साही पोरगा फोटोशॉपच्या युक्त्या विचारतो. माझ्याकडे त्या मोजक्याच आहेत. मूळ फोटोला हात लावू नये, प्रत काढून तिच्यावर काय ते करावं. खोडण्यापेक्षा झाकावं, म्हणजे उद्या चूक उमगली तर उघडता येतं. आणि चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडला असेल तर अंगावर तो उजवीकडून पाडू नये, कारण सूर्य एकच आहे. पोरगा मान हलवतो आणि विचारतो, “ते ठीक आहे, पण गोरं कसं करायचं?” मामेभावाचंही तेच होतं. शिवाय सूर्य त्याच्याकडे सीडीभर होते.

पण त्याचा खरा ठेवा आकाशं नव्हे. त्याचा ठेवा म्हणजे एक अंग. आमच्याकडच्या वयस्क माणसाचा धड फोटो मिळणं कठीण. असतो तो ओळखपत्राचा, नाहीतर कोणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेतला. त्यातलं डोकं तेवढं कापायचं आणि तयार अंगावर बसवायचं, ही सगळ्याच दुकानांची रीत होती. मामेभावाकडचं अंग दूध सोसायटीच्या चेअरमनचं होतं. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी भारी कॅमेऱ्यानं काढलेला फोटो: पांढरा सदरा, वर जाकीट, छातीशी जोडलेले हात, सोनेरी पट्ट्याचं घड्याळ आणि बोटात खडे मढवलेली जाडजूड अंगठी. जाकिटाचा रंग बदलला की माणूस बदलला, असा त्याचा हिशोब. पहिलवान, भजनी, निवृत्त कंडक्टर, सगळे त्या अंगात गेले. कळंबपासून आळेफाट्यापर्यंत चेअरमन वेगवेगळ्या डोक्यांनिशी नमस्कार करत उभे असत. स्वतः चेअरमनना हे माहीत नव्हतं. फ्लेक्सवर ते फक्त स्वतःचा चेहरा बघत.

माझ्या मामानं, म्हणजे या डिझायनरच्या बापानं, त्या चेअरमनना आयुष्यात एकदाही हात जोडले नव्हते. भांडण दुधाच्या फॅटचं होतं. फॅट मोजायचं मशीन आल्यापासून मामाच्या म्हशीचं दूध दर आठवड्याला पातळ होत चाललं होतं, आणि संचालकांच्या म्हशी मात्र बाळसं धरत होत्या. मामा दर वार्षिक सभेत उभा राहायचा. एकदा म्हणाला, “मशीन उद्घाटनाच्या दिवशी बरूबर बोललं, तवापास्नं ते बी संचालक झालंय.” लोक हसले. अहवालात ‘सभा खेळीमेळीत पार पडली’ असं छापायला माझ्याकडे आलं.

त्याच सभेचे फोटोही अहवालासाठी माझ्याकडे आले. एकात मामा उभा होता. भोवती सगळे बसलेले, मधे हा टोपी मागे सरकवून, उजव्या हाताचं बोट मंचाकडे रोखून. तोंड अर्धवट उघडं. फोटोच्या कडेला मंचावर चेअरमन, चहाचा कप ओठांपाशी नेलेला आणि तिथंच थांबलेला. हा छापायचा नाही म्हणून सोसायटीनं तो पाठीमागे फुली मारून पाठवला होता. मी तो मामाला दिला. मामानं तो पंचांगाच्या पानांत ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवला.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका हिवाळ्यात, मामा गेला. मी पोचलो तेव्हा मामी फोटो मांडीवर घेऊन बसली होती. ती लेकाला एकच सांगत होती.

“ह्योच लाव. त्यो बोटाचा.”

“आये, असला फोटो लावत्यात व्हय? भांडताना? दशक्रियेला चेअरमन येनारेत.”

“मग येऊ दे की. त्यांनी बी बघावा.”

“लोक काय म्हनतील? बापाचं चांगलं रूप ऱ्हायला पायजे.”

“ह्येच चांगलं व्हतं,” मामी म्हणाली. “बाकीच्या वक्ताला त्ये झोपल्यालं तरी असायचं, न्हाईतर जेवत तरी.”

मामेभाऊ फोटो घेऊन गेला. सोसायटीच्या साऱ्या फ्लेक्सचं काम त्याच्याकडे होतं, तेव्हा बोट कुठे जाणार हे मला कळायला हवं होतं. मामीला वाटलं, नेला म्हणजे लावणार.

दशक्रियेच्या सकाळी नदीच्या घाटावर गेलो तर कठड्यामागे दोन बांबूंना बांधून फ्लेक्स उभा केलेला. मागे किरणांचं आकाश, कोपऱ्यात कबुतरं. मामा गुलाबी गोरा झाला होता. टोपीची कड करवतीनं कापल्यासारखी. चेहऱ्यावर उजेड डावीकडून, अंगावर उजवीकडून. निळं जाकीट, घड्याळ, अंगठी, आणि छातीशी जोडलेले हात. मामाच्या डाव्या हाताची करंगळी तरुणपणीच कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती. ती परत आली होती.

मामीनं फ्लेक्सकडे पाहिलं. मग पदर सावरून घाटाच्या पायरीवर पाठ करून बसली.

चेअरमन पांढऱ्या गाडीतून आले, माणसं उठून उभी राहिली, प्रवचनकारांनी आत्म्याचं अमरत्व मधेच थांबवून त्यांचं स्वागत केलं. आमच्या भागात दशक्रियेला भाषणं होतात. वार्षिक सभेपेक्षा ती सोयीची असतात, कारण प्रश्न विचारणारा माणूस नक्की वारलेला असतो. चेअरमन फ्लेक्सच्या पुढ्यात उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

खाली हात, वर हात. तीच बोटं, तीच अंगठी, तेच घड्याळ. वरचं जाकीट निळं, खालचं बदामी.

माझ्यामागे कोणीतरी पुटपुटलं, “आरं, आंगठी बघ की.”

“गप. सुतकात हसू नये.”

“हसत न्हाई राव. पन घड्याळातला टाईम बघून घेतो, बरूबर हाय का.”

चेअरमन बोलत राहिले. मामा त्यांचे मार्गदर्शक होते, दोघांचं नातं जिव्हाळ्याचं होतं, सभेत ते मोलाच्या सूचना करत. सूचना हा शब्द ऐकून मामीची पाठ ताठ झाली.

मग फ्लेक्सच्या पुढच्या कठड्यावर पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर होते, भरपूर होते. एकही खाली येईना. दर्भाची जुडी हलवून झाली, सगळे लांब सरकून झाले. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, हे आमच्याकडे लहान मूलही जाणतं. इच्छा ओळखून शब्द द्यावा लागतो.

मामेभाऊ पुढे झाला. “आप्पा, आयेला सांबाळीन.” कावळे जागचे हलले नाहीत. “आप्पा, म्हशी इकनार न्हाई.” काही नाही. चुलत्यांनी बांधाचा वाद मिटवला. काही नाही. ऊन चढलं. चेअरमनना पुढे आणखी दोन ठिकाणी हळहळायला जायचं होतं. शेवटी त्यांनी स्वतः आवाज चढवून सांगितलं, “फॅटच्या मशीनची तपासणी करू! आमचा शब्द!” एक कावळा उडाला, फ्लेक्सपर्यंत आला, आणि गर्रकन वळून परत बाभळीवर गेला. त्याचा या शब्दाशी आधीचा परिचय असावा.

तेव्हा मामी उठली. तिनं आधी फ्लेक्सकडे बघितलं, मग चेअरमनकडे.

“ह्ये हात त्यांचं न्हाईत,” ती म्हणाली. “तुमचं हायेत. घिऊन जावा.”

चेअरमननी वर पाहिलं. पहिल्यांदाच चेहरा सोडून खाली पाहिलं असावं. त्यांचा डावा हात आपोआप उजव्या हातातल्या अंगठीवर गेला.

“वहिनी, ही पोरांची काहीतरी...”

“पोरांचं न्हाई, माझ्या पोराचं. सोड रं ते,” मामी लेकाला म्हणाली. “बापानं जिते असताना जोडलं न्हाईत, मेल्यावर तू जोडून देतोस?”

मामेभाऊ लाल झाला. त्यानं दोऱ्या सोडल्या. फ्लेक्स खाली आला, गुंडाळला गेला, आकाशासकट. लोक पुन्हा मागे सरकले आणि कावळा लगेच आला. एक नाही, सगळेच आले.

म्हाताऱ्यांनी हात जोडले. मामाची इच्छा काय होती ते आता अख्ख्या घाटाला कळलं होतं. माझं मत विचारलं असतं तर मी एवढंच म्हटलं असतं की पिंडाच्या मागे वाऱ्यावर फडफडणारं चकचकीत कापड बांधलं की कुठलाही कावळा येत नाही. ज्वारीत पाखरं बसू नयेत म्हणून हेच लोक तेच बांधतात. ते आपल्याच बापाच्या दशक्रियेला बांधून वर कावळ्याला शब्द देत बसायचं, हे सुचायला डिझाईनचा कोर्स करावा लागतो. पण कोणी विचारलं नाही, आणि मी बोललो नाही. त्या सकाळी मामीची बाजू कावळ्यांनी घेतली होती, ती मी कशाला बिघडवू?

चेअरमन निघताना कोणालाच नमस्कार न करता गेले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

संध्याकाळी मामीनं मूळ फोटो माझ्याकडे दिला. मामेभावानं डोकं स्कॅन करून फोटो मात्र जसाच्या तसा परत आणला होता. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत मला आवडलेली ही एक गोष्ट. मी तो माझ्या जुन्या मशीनवर घेतला आणि त्याला काहीही केलं नाही. गोरा केला नाही, मागे आकाश घातलं नाही, उघडं तोंड मिटलं नाही. फक्त मोठा केला. छापण्याआधी मामीला पडद्यावर दाखवला आणि म्हटलं, “मामी, कडेचा चेअरमन कापून टाकतो. मामा मधोमध येईल.”

मामी पडद्याजवळ वाकली. चहाचा तो अडकलेला कप तिनं नीट पाहिला.

“नगं, भाचेबुवा. असू द्या त्यांना,” ती म्हणाली. “न्हाईतर बोट कुनाकडं हाय ते नातवंडांना कसं कळंल?”