घराएवढं बोंड

माझा थोरला भाऊ जाऊन आता वर्ष होईल. अकोल्यात तो भिंती रंगवायचा. दुकानांच्या पाट्या, शाळांचे सुविचार, आणि पेरणीच्या आधी बियाण्यांच्या जाहिराती. मी अमरावतीला शाळेत शिकवत होते. आम्हा दोघांना वेड एकच, कुठेही नसलेल्या जगांच्या गोष्टींचं. रद्दीवाल्याकडे उडत्या शहरांची, समुद्राखालच्या राज्यांची पुस्तकं हाती लागली की रविवारी पॅसेंजरने मी ती अकोल्याला घेऊन जायची.

त्याची एक अट होती. पुस्तक देण्याआधी मी मुखपृष्ठावर वर्तमानपत्राचा कागद चढवायचा, चारी कडा चिकटवून. छापलेलं चित्र आधी डोळ्यांत शिरलं तर आपलं आपल्याला दिसत नाही, असं तो म्हणे. वाचून संपलं की जुन्या पोस्टरच्या कोऱ्या पाठीवर तो स्वतःचं मुखपृष्ठ काढायचा. मगच आम्ही कागद फाडून दोन्ही चित्रं शेजारी ठेवायचो.

"पाह्य बाई," एकदा तो ओरडला, "पुस्तकात लिवलं हाये, अजगराले डोयेच नाहीत. अन् यानं चांगले दोन काढले, वरून भुवयाबी कोरल्या! वाचलंच नाही लेकाच्यानं."

त्याचा आंधळा अजगर माझ्याकडे आहे. मान किंचित तिरपी, जिभेनं वारा चाखतोय. डोळ्यांच्या जागी गुळगुळीत खवले, एकेकाला वेगळी सावली. खवले कसे बसतात ते पाहायला दादा दोन दुपारी कुंपणावरच्या सरड्यामागे उभा होता. मी ते चित्र कितीदा तरी पाहिलंय. दर वेळी वाटतं, हा आता हलेल.

त्या वर्षांत शेतात पीक बुडत होतं आणि भिंतींवरचं कापसाचं बोंड दरसाल मोठं होत होतं. दादानंही काढलं, नारळाएवढं, पांढरंशुभ्र. हंगाम सरल्यावर मूर्तिजापूरकडचा एक ओळखीचा शेतकरी घरी आला.

"भाऊ, तुमी काढलं तेवढं बोंड खरंच येते काय?" त्यानं विचारलं. रागानं नाही. "तुमच्या हातचं चित्र होतं म्हणून मी थेच बियाणं घेतलं."

त्यानंतर कित्येक दिवस दादानं पुस्तकही उघडलं नाही.

ज्याच्यासाठी दादानं ते बोंड काढलं होतं, तोच बियाणेवाला पुढच्या उन्हाळ्यात आला. सुटी होती, मी तिथेच होते.

"पेंटर, यंदा आणखी मोठं पाह्यजे. रस्त्यावरून दिसलं पाह्यजे."

"काढतो. पण खाली 'काल्पनिक चित्र' असं लिवीन."

"काहून? माहा धंदा बसवता काय?"

"मंग खऱ्या मापाचं काढतो."

"तेवढुसं? मुंग्यायले दाखवाचं हाये का?"

दादा हसला. "बरं. मोठंच काढतो."

पहिले तीन दिवस मी शिडी धरून उभी होते. भिंतीवर घराएवढं बोंड उमललं. फुटलेल्या टरफलांना दारं, कापसातून वळत वर जाणाऱ्या पायऱ्या, मागे हिरव्या आभाळात दोन चंद्र, त्यातला एक नांगरलेला. आजवर फाडलेल्या कागदांखाली इतकं सुंदर काही मला सापडलं नव्हतं. बियाणेवाल्यानं पाहिलं, "याड लागलं काय?" म्हणाला आणि निघून गेला. त्याची कामं तुटली, त्याच्या ओळखीच्या दुकानदारांचीही. दादाच्या हाती शाळांच्या भिंती तेवढ्या उरल्या. भिंतीच्या मालकानं मात्र चित्र ठेवून घेतलं.

चौथ्या दिवसाचं दादानं मला नंतर सांगितलं. तो दुसऱ्या चंद्रावर शेवटचा हात फिरवत होता. मूर्तिजापूरकडचा तो शेतकरी बाजाराला आला होता. चित्र पाहून थांबला.

"भाऊ, हे तं नाही येत वावरात."

"नाही येत," दादा वरूनच म्हणाला. "कोनाच्याच वावरात नाही येत."

शेतकऱ्यानं मान हलवली. तरी तो गेला नाही. हातातली पिशवी खाली ठेवली, जरा मागे सरकून पुन्हा वर पाहिलं.

"मंग त्या पायऱ्यायनं वरतं गेलं तं काय लागते?"

दादानं ब्रश डब्यात ठेवला, शिडीवरून उतरला आणि त्याला सांगू लागला.