दादाने दिलेल्या गोळ्या

दादा शहरात एम.डी. करत होता तेव्हा मी लग्न होऊन सौंसरला आले होते आणि तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. दुसऱ्या बाळंतपणात माझं बीपी वाढलं ते वाढलेलंच राहिलं. गल्लीतले म्हातारे डॉक्टर गोळ्या देत. त्या घेतल्या की माझं ठीक चाले.

गावात नुकतेच टीव्ही यायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. दादाने एम.डी.च्या अभ्यासासाठी पांढुर्ण्याला, आमच्या माहेरी, रविवारी पेशंट तपासायला सुरुवात केली. माणूस निजला, बसला, उभा राहिला की रक्तदाब कसा बदलतो आणि औषधाने त्यात काय फरक पडतो, हे त्याला पाहायचं होतं. बाबांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत त्याने बाज टाकली. सावरगावचे, तिगावचे ओळखीचे लोक येत. दादा त्यांना आधी निजवी, मग बसवी, मग उभं करी आणि दर वेळी दंडाला पट्टा बांधून पाऱ्याकडे पाही. कोणाचा हात लोंबकळत असला की तो अलगद उचलून छातीच्या रेषेत धरी. "हात खाली राहिला तर आकडा खोटा येते," म्हणे. आम्ही सगळे कौतुकाने पाहात असू.

एका रविवारी तो मला म्हणाला, "तू पण येत जाय न. तुह्या डॉक्टरच्या गोळ्या जुन्या झाल्या. मी नवीन देतो."

"मग ह्या बंद करू?"

"हाव. एकदम बंद."

सख्खा भाऊ डॉक्टर. मी पुढे काही विचारलं नाही.

काही आठवड्यांतच डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका सुरू झाला. दादाला सांगितलं तर म्हणाला, "उन्हाचं असन. गोळ्या मात्र सोडू नको." आकडा विचारला की "बरं आहे" एवढंच म्हणे. मी बसने जात राहिले, बाजेवर निजत राहिले, सांगितलं की उभी राहात राहिले.

मग एक दिवस वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता उजव्या डोळ्यापुढे अंधारी आली आणि नाकातून रक्त सुटलं. पोरी रडायला लागल्या. मोठ्या बाईंनी यांना कचेरीतून बोलावून घेतलं आणि यांनी मला त्याच म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोनदा बीपी पाहिलं.

"बाई, गोळ्या सोडल्या काय तुम्ही?"

"नाही. भावाने नवीन दिल्या."

मी पुडी दाखवली. ते म्हणाले, "ही कशाची गोळी आहे ते मला सांगता येत नाही. पण ही काम नाही करून राहिली. आजपासून जुन्याच घ्या. आणि भावाले विचारा."

मला वाटलं, दादाचं औषधच खराब निघालं. त्याला सांगावं, म्हणजे तो बाकीच्यांचं तरी बंद करील. बरं वाटल्यावर मी पांढुर्ण्याला गेले आणि तसंच सांगितलं.

"औषध खराब नाही," दादा म्हणाला. "तुह्या गोळ्यांत औषध नव्हतंच. काही लोकाईले औषध देतो, काहीईले साध्या गोळ्या. नाही तर फरक कसा समजन?"

"मले साध्या आहेत हे तुले माहीत होतं?"

"हाव."

"मग मलेच काहून?"

तो पट्टा गुंडाळत होता. "बाहेरचे लोक डोकं दुखलं का दुसरा डॉक्टर धरतात. तू मधात सोडून जाणार नाही, हे मले माहीत होतं."

त्याने ते शाबासकी दिल्यासारखं म्हटलं. मला बसायला काही तरी हवं होतं, पण त्या बाजेवर बसवेना. आई चहा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "त्याची परीक्षा होऊन जाऊ दे. आणि जावयाले नको सांगू." चहा तसाच ठेवून मी बसस्टँडवर आले. दादाचं एक वेळ समजून घेता आलं असतं. आईचं नाही.

घरी मी एवढंच सांगितलं की औषध लागू पडलं नाही. जुन्या गोळ्यांनी बीपी हळूहळू उतरलं. डोळ्यातला धुरकटपणा मात्र पुरता गेला नाही. दादा पास झाला. पुढे आईला बीपी झालं तेव्हा त्यानेच तिला सांभाळलं, आणि फार चांगलं सांभाळलं, हे मी नाकारत नाही.

बऱ्याच वर्षांनी रामाकोन्याला नात्यातल्या एका लग्नात मला मांडवात घेरी आली. दादा जवळच होता. त्याने माझी नाडी पाहायला हात पुढे केला. मी माझा हात पदराखाली घेतला.

"अजून?" तो हळूच म्हणाला.

"हाव," मी म्हटलं.

त्याने हात मागे घेतला. मग कोणी तरी जेवायला हाक मारली आणि तो पंगतीत जाऊन बसला.