न उमटलेलं 'कै.'

चिनू, ईरा,

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही, असंच मुलांना सांगत आले. तरी हे लिहिते आहे, कारण मिलिंदकाका फोनवर मीठमसाला लावून सांगेल... आणि मला ते घडलं तसंच तुमच्यापर्यंत पोहोचायला हवं आहे.

काकाचं राहात्यातलं फ्लेक्सचं दुकान तुम्ही पाहिलंय – शिरताच शाईचा उग्र वास, डावीकडे दहा फुटी प्रिंटर, खिडकीशी माझी खुर्ची. प्रत्येक मजकूर मी वाचते, कोपऱ्यात बरोबरची खूण करते, मगच तो छापला जातो. वाढदिवसांचे कितीतरी 'हार्दीक' मी ऱ्हस्व केले आहेत.

फेब्रुवारीत सायमन सर गेले. शाळेत ते मराठी शिकवायचे, शेजारच्या वर्गात मी. दुसऱ्या दिवशी चारला प्रार्थनासभा होती. त्यांच्या पत्नी, रूथबाई, एवढंच म्हणाल्या, "बाई, बोर्ड तेवढा बिनचूक करून द्या. चूक त्यांना सहन व्हायची नाही." मिलिंदने मजकूर टाइप केला. मी वाचला, खूण केली.

सकाळी अकराला आमचे ऑपरेटर बापू यांनी प्रिंट सोडली. फोटो सुरेख आला. नावाची ओळ आली आणि त्यांनी मशीन थांबवलं.

"बाई, काळा तुटला."

नावाआधीचं 'कै.' फिकट राखाडी होत विरून गेलं होतं. पुढचं 'सायमन' मात्र ठळक! रोलवर आता एकाच बोर्डापुरतं फ्लेक्स उरलं होतं, आणि नवा रोल नगरहून संध्याकाळी येणार होता.

मिलिंदने शाई फवारणारं हेड दोनदा साफ केलं. काळ्या शाईच्या नळीतला हवेचा बुडबुडा सिरिंजने ओढून काढला. शाई गाळून हेडला देणारी छोटी डबीही बदलली. मग चाचणीच्या रेघा काढल्या.

"समद्या आल्यात की! एक बी तुटलेली न्हाई," बापू म्हणाले.

फ्लेक्सच्या कापून उरलेल्या पट्ट्यांवर नुसती नावाची ओळ छापून पाहिली. पुन्हा 'कै.' कोरं. ओळ फूटभर उजवीकडे सरकवली, तर कोरी जागाही तिच्याबरोबर सरकली. साध्या कागदावर ऑफिसच्या प्रिंटरने तीच ओळ नीट छापली, म्हणजे फाइलही ठीक होती.

"हेडचं एखादं छिद्र, नोझल, बंद असेल तर आडवी रेघ टोकापर्यंत कोरी जाते," मिलिंद वैतागला. "एका अक्षरापुरती कशी बंद पडेल?"

"सर आमचं असंच करायचे," बापू म्हणाले. ते सरांचेच विद्यार्थी. "चुकलेला शब्द खोडरबरानं पुसायचे अन् म्हनायचे, आता तू भर. माजी वही म्हंजी निस्ती भोकं हुती!"

"बापू, सिरिंज द्या आधी," मिलिंद म्हणाला.

मी मात्र उठले. शाईकडे पाहणं सोडून मजकूर पुन्हा वाचला, उत्तरपत्रिका तपासावी तसा. कै. म्हणजे कैलासवासी. आणि सर ख्रिस्ती. त्यांच्याकडे 'ख्रिस्तवासी' लिहितात. हे मला माहीत होतं. त्यांच्या किती प्रार्थनांना मी बसले आहे! तरी सवयीने डोळा पुढे सरकला होता आणि कोपऱ्यात माझीच खूण होती.

शब्द बदलला. पट्टीवर 'ख्रिस्तवासी' काळंभोर उमटलं. उरलेल्या फ्लेक्सवर अख्खा बोर्ड एका दमात निघाला.

साडेतीनला आम्ही तो घेऊन गेलो. रूथबाईंनी ओळीवरून बोट फिरवलं.

"सकाळपासून जीव टांगणीला होता, बाई. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. दवाखान्यात मला बजावलं होतं त्यांनी... 'नावाआधी कै. घालू देऊ नकोस. कैलासावर लई गारठा, मला सोसायचा नाही.'"

त्या हसल्या आणि मग रडल्या.

नवा रोल आल्यावर मी ती जुनी ओळ मुद्दाम पुन्हा छापून घेतली. 'कै.' व्यवस्थित उमटलं. मिलिंद म्हणतो, हवा होती. सरकवलेल्या ओळीमागोमाग हवा कशी सरकली, ते त्याला सांगता येत नाही. मलाही नाही.

'कै.' कोरं राहिलेली पट्टी मी फायलीला लावली आहे. तिच्या मागे 'कारण :' एवढंच लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे.

– आजी