नळी आधी गाडीवाल्याला

"आ कर."

सुपरवायझरनं माझी हनुवटी धरली. पहिल्या शिफ्टची सगळी लाइन बघत होती. बाजारात बैलाचे दात बघतात तसं त्यानं माझं तोंड उघडलं आणि नाक खुपसलं.

"काल किती ढोसलीस?"

मी पीत नाही. तसं सांगितलंही. तो हसला. "सगळे हेच म्हणतात."

चाकणच्या त्या कारखान्यात मी प्रेस मशीनवर, ठेकेदाराचा कामगार. गेटवर आम्हा ठेकेदारीच्या माणसांना रोज दारू तपासायच्या नळीत फुंकावं लागतं. मीही फुंकलं होतं, मशीननं आत सोडलं होतं. मग डोकं गरगरलं आणि मी खाली बसलो. एवढाच गुन्हा. पण आमच्या बाजूनं बोललं तर मशीनही खोटं. मला बाहेर काढलं.

पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढली. "कावीळ आहे. डोळे हळदीसारखे झालेत, कुणाला दिसलं नाही का?"

नाक लावायला सुपरवायझर एवढा जवळ आला, आणि डोळे दिसले नाहीत? मला संशय आहे, दिसले असणार. पण आजाऱ्याला रजा द्यावी लागते. बेवड्याला हाकलता येतं.

बरा होऊन, दवाखान्याची चिठ्ठी दाखवून कामावर परत आलो तर कँटीनमध्ये भाषण. दारू आणि आरोग्य. खुर्च्यांवर स्टाफ, फरशीवर आम्ही. डॉक्टर आमच्याकडंच बघून बोलत होता. मध्येच प्लँटचे मोठे साहेब हसत म्हणाले, "डॉक्टर, वीकेंडला दोन पेग चालतात ना? हार्टला चांगले म्हणे."

स्टाफ हसला. आम्ही विचारलं असतं तर व्यसन. साहेबांनी विचारली ती चौकशी.

डॉक्टर मात्र सरळ बोलला. "चांगलं वगैरे काही नाही, सर. न घेतलेली बरी. घेतलीच तर थोडी, तीही क्वचित. लिव्हरला बाटलीची किंमत कळत नाही. आणि रात्री जास्त झाली तर सकाळीही अंगात असते. अंघोळ करून, लवंग चघळून ती उतरत नाही."

लवंग म्हटल्यावर आमच्यातल्या दोघांनी माना खाली घातल्या. मी साहेबांकडं बघत होतो. मागं एकदा स्टाफ पार्टीची दारूच्या बाटल्यांची खोकी मावळातल्या रिसॉर्टवर आम्हीच उतरवली होती. पार्टीच्या दुसऱ्या सकाळी साहेबांची गाडी आली तसा गेटचा दांडा वर गेला. त्यांच्या तोंडाला नळी लागलेली मी कधीच पाहिली नाही. आमची प्रेस चालवायचा हुकूम तर तेच देतात.

मी उठलो. "साहेब, मग नळी तुम्हालाही लावा."

सुपरवायझर दात खाऊन म्हणाला, "बस खाली. लई शहाणा झालास."

बसलो नाही.

दुसऱ्या सकाळी वॉचमननं गेटवर नळी पुढं केली. मागं साहेबांची गाडी हॉर्न देत होती. माझा गाववाला कानाशी लागला, "फुंक की राव, कशाला नडायलास? काम जाईल." त्यालाही कुणी पढवलं असेल. आता मी कुणाच्या मायेवर लगेच विश्वास ठेवत नाही.

फुंकायला माझी ना नाही. प्रेसखाली बोटं जातात, पिऊन कुणीच तिथं उभं राहू नये. पण आधी त्या गाडीची काच खाली येऊ दे. साहेबांनी फुंकलं की मी फुंकीन. तोवर गेटमधून हलणार नाही. काम गेलं तर जाऊ दे, माझ्या हनुवटीला पुन्हा कुणाचा हात लागणार नाही.