लाल गुलाब

चष्मा दुरुस्त करायला कॅम्पातल्या दुकानात गेलो होतो. शेजारच्या हॉलमध्ये व्हिएतनामी विद्यार्थ्यांचा आईसाठीचा सण चालला होता, म्हणून सहज डोकावलो. दारातल्या मुलीने मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "काका, आई आहे?" आई असेल त्याला लाल गुलाब, नसेल त्याला पांढरा. तिच्या ताटात दोनच रंग होते. माझी आई रोज माझ्या हातून जेवते, पण मी कोण हे तिला आता ठाऊक नाही. अशा आईचा रंग कुठला? शेवटी "आहे" म्हणालो. मुलीने शर्टावर लाल गुलाब टाचला.

घरी आईचं लक्ष गेलं. "कुणी दिला हो?"

"ज्यांची आई आहे, त्यांना देतात."

"नशीबवान आहात," ती म्हणाली. "जपा हं त्यांना."